रिकाम्या दांडीचा लूप

आमच्या कॉलेजात एक जागतिक शोध दसरा उलटताच जन्माला आला आणि दिवाळीनंतरच्या परिषदेत, चहाच्या आधी, वारला. दोन्ही वेळेला मी हजर होतो. जन्माचे पेढे खाल्ले आणि मरणाच्या वेळी पहिल्या रांगेत बसून इतका हसलो की शेजारच्या रसायनशास्त्राच्या मॅडमनी मला कोपर मारलं. मला हसणं परवडत होतं. जिच्या डॉक्टरेटवर हा सगळा तमाशा उभा होता तिला ते परवडत नव्हतं. म्हणून आधी तिच्याबद्दल सांगतो.

ती वडीगोद्रीची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. मी इथे भौतिकशास्त्र शिकवतो; बी.एस्सी.ला ती माझी विद्यार्थिनी होती, आणि वर्गात बसून प्रश्न विचारायची वाईट सवय तिला तेव्हापासून होती. पुढे तिने आमच्याच विभागात पीएच.डी.साठी नाव नोंदवलं, ते आमच्या विभागप्रमुखांच्या हाताखाली. दुसरा मार्गदर्शक होता कुठे? विद्यापीठाची मान्यता असलेले तेच एक. विषय घेतला चुंबकीय टोपॉलॉजिकल पदार्थांमधलं चुंबकत्व उलटतं कसं, हा. नाव ऐकून घाबरू नका, ते प्रमुखांनाही नीट येत नव्हतं.

मला तिने कॅन्टीनमध्ये समजावून सांगितलं तेवढं सांगतो. चांदीसारखा चकाकणारा एक स्फटिक असतो. अभ्रकासारखे त्याचे पापुद्रे निघतात. आतून तो वीज जाऊ देत नाही, पण पृष्ठभागावरून ती खुशाल वाहते. पृष्ठभाग खरवडून टाकला तर खालचा नवा पृष्ठभाग तेच काम करतो; हा हट्ट त्याच्या अंगातच असतो. आता त्यात मँगनीज असेल तर तो चुंबकही होतो. एका थरातले सगळे कण एकीकडे तोंड करतात, खालच्या थरातले बरोबर उलटीकडे. बाहेरून जोरदार चुंबकीय क्षेत्र लावलं की हे थर तोंड फिरवायला लागतात. सगळा पातळ पापुद्रा असा उलटला की त्याच्या कडेने वाहणाऱ्या विजेची दिशासुद्धा उलटते. उद्याच्या संगणकांच्या कामाची गोष्ट आहे म्हणतात. तिचा प्रश्न साधा होता: सगळे थर एकदम उलटतात, की कोणीतरी आधी उलटतो?

फक्त हे सगळं घडतं भयानक थंडीत. द्रव हेलियम लागतो, आणि तो आमच्या तालुक्यात मिळत नाही. म्हणून ती लांबच्या एका संशोधन संस्थेत जाऊन, तिथल्या यंत्रावर वेळ मागून, मोजमापं घेऊन आली. त्यात तिला एक गोष्ट सापडली. मोठ्या उलटापालटीच्या अगोदर आलेखावर एक चिमुकली पायरी दिसत होती. सगळ्यात वरच्या थराला एकाच बाजूला शेजारी असतो, दुसऱ्या बाजूने धरून ठेवणारं कोणी नसतं, म्हणून तो आधी उलटतो. आतले मागून. तिच्या स्फटिकात ही पायरी कुठे येते आणि का सरकते, हा तिचा प्रबंध.

प्रमुखांनी आलेख हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "हे काय खडबडीत दिसू राह्यलं मधीच?"

"सर, तीच तर पायरी आहे."

"नॉईज हाय तो. सॉफ्टवेअरमधी घाल, गुळगुळीत कर."

"सर, गुळगुळीत केलं तर प्रबंधच उरत न्हाई."

"मंग नवीन काहीतरी आण. जगात प्रथमच, असं काहीतरी."

'जगात प्रथमच' हे शब्द प्रमुख आपल्या प्रत्येक लेखावर कोथिंबिरीसारखे भुरभुरवत. त्यांचे लेख सगळ्या जगभर छापून यायचे, म्हणजे ज्या ज्या नियतकालिकात नकार देण्याची पद्धत नाही अशा सगळ्या. प्रयोगशाळेतलं काचेचं कपाट त्यांनी आपल्या केबिनमध्ये हलवून त्यात सन्मानचिन्हं लावली होती. त्यातली काही स्वतःच स्वतःला दिलेली होती आणि तरीही स्वीकारताना त्यांचा गळा दाटून आला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. शाल पांघरून घेण्यात मात्र त्यांचा हात कोणी धरणार नाही. समोरचा घडी उलगडतो न उलगडतो तोच ते खांदा असा पुढे करत की शालीला दुसरीकडे जायची सोयच राहत नसे.

तर हा माणूस तिच्या प्रबंधावर वर्षभर बसून होता. तिच्या नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती. ती त्या नोव्हेंबरअखेर संपणार होती आणि पुन्हा वाढणार नव्हती. मार्गदर्शकाची सही नाही तर प्रबंध जमा नाही, प्रबंध जमा नाही तर इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात. तिच्या वडलांनी गुरुजीपणाच्या भाबड्या विश्वासाने प्रबंध छापून काळ्या बांधणीत बांधूनही आणले होते. आत प्रमाणपत्राचं पान सहीविना कोरं.

आता शोधाच्या जन्माकडे येतो.

आमच्याकडे एक यंत्र आहे. अनुदानातून आलेलं. त्यात एका बारीक दांडीच्या टोकाला नमुना चिकटवायचा, दांडी चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये थरथरते आणि पडद्यावर आलेख उमटतो. पदार्थ खरा चुंबक असेल तर जाताना आणि येताना रेघ वेगवेगळ्या वाटेने जाते आणि मधे पोट सुटलेली आकृती तयार होते. तिला लूप म्हणतात. नसेल तर सरळ रेघ. तिचा स्फटिक आमच्या खोलीतल्या उकाड्यात चुंबक नसतो, त्यामुळे तो दर वेळेला इमानदारीने सरळ रेघ द्यायचा. प्रमुखांना त्या रेघेचा वैयक्तिक अपमान वाटे. "एवढ्या किमतीचं यंत्र, न् रेघ मारतंय?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत, जसं काही यंत्राने त्यांच्या लग्नात आहेर केला नव्हता.

खंडे नवमीला आम्ही प्रयोगशाळेतल्या उपकरणांची पूजा करतो. मला ती आवडते. वर्षातून एकदा तरी सगळ्या उपकरणांवरची धूळ निघते आणि पेढे मिळतात. त्या वर्षी विद्यार्थिनींनी यंत्राच्या खोलीत जमिनीवर गेरू सारवून त्यावर सुंदर रांगोळी काढली होती. कालवलेला गेरू वाटीत उरला होता. पूजेचं ताट अर्थातच प्रमुखांच्या हातात. त्यांनी कुंकवाची सुरुवात स्वतःच्या गाडीपासून केली. मग झेरॉक्स, पाण्याचा कूलर, केबिनचं दार, सन्मानचिन्हांचं कपाट, आणि विज्ञानाची पाळी येईपर्यंत कुंकू संपलं.

"सर, कुंकू आणायला पाठवू का कोणाला?" मॅडमनी विचारलं.

"जल्दी करा हो, पेढे वाळू राह्यले," हे मी म्हणालो.

प्रमुखांनी इकडे-तिकडे पाहिलं, गेरूची वाटी मॅडमच्या हातात दिली, तीत बोट बुडवलं आणि म्हणाले, "लाल ते लाल. भाव महत्त्वाचा." यंत्राच्या कपाळावर एक भरगच्च टिळा लावला. मग त्यांची नजर शेजारी मांडून ठेवलेल्या दांडीवर गेली. "ही पण आलीच की," म्हणून त्यांनी दांडीच्या टोकालाही प्रेमाने बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी फडक्याने सगळं पुसून घेतलं, म्हणजे डोळ्यांना दिसत होतं तेवढं पुसून घेतलं.

ती तेव्हा कॉलेजात असती तर तिने दांडीला कोणाला हात लावू दिला नसता. पण तिच्या घरचे दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जातात, आणि ती दोन दिवस आधीच त्यांच्याबरोबर गेली होती. परत आली, स्फटिकाचा तुकडा दांडीला लावला, यंत्र चालू केलं आणि पडद्यावर लूप उमटला. बारीक, पण गोंडस, पोट सुटलेला लूप. नेमके तेव्हाच प्रमुख दारातून आत डोकावले.

"आला!" असा आवाज आला. रसायनशास्त्राच्या मॅडमना वाटलं साप निघाला. "अहो आला! लूप आला! खोलीच्या तापमानाला!"

खोलीच्या तापमानाला असा पदार्थ चुंबक होणं ही खरोखरच जगभर गाजणारी गोष्ट ठरली असती. मोठमोठ्या देशांत लोक त्यासाठी आयुष्यं घालवतायत. त्यांच्यापैकी कोणी असतं तर त्याने आधी दार लावून घेतलं असतं आणि महिनाभर स्वतःच्याच चुका शोधल्या असत्या. आमच्या प्रमुखांनी दार उघडलं आणि बातमीदाराला फोन केला. दोन दिवसांत स्थानिक पेपरात मथळा: जालन्याच्या मातीत जागतिक शोध. इतकी शब्दशः खरी बातमी त्या पेपरात पूर्वी कधी छापून आलेली मला आठवत नाही.

पेढे पुन्हा आले. मी पुन्हा खाल्ले. लगोलग परिषद ठरली, बॅनर ठरलं, आणि संस्थेच्या अध्यक्षांपुढे यंत्राचं प्रत्यक्ष प्रात्यक्षिक ठरलं.

ती मला कॅन्टीनमध्ये भेटली ती चेहरा पाडून.

"काय गं, जगात प्रथमच, न् तोंड असं?"

"सर, मोठा तुकडा ठेवला तरी लूप तेवढाच, न् बारका ठेवला तरी तेवढाच येऊ राह्यलाय."

"मंग?"

"मंग काय! मोठ्या गोणीचं न् बारक्या गोणीचं वजन एकच भरलं तर तुम्ही गोणी तपासता का काटा?"

"काटा."

"तेच तर तपासू देईनात. म्हणलं, सर, रिकामी दांडी मोजून बघते. तर म्हणले, रिकाम्याचं काय मोजायचं, तेवढ्या वेळात एक पेपर लिहून होतो. न् चावी घेऊन गेले."

"दांडीला कोणी हात लावला का पण?"

"मला काय म्हाईत सर? मी नागपूरला गेल्ते."

मी चहाचा कप खाली ठेवला. डोळ्यांसमोर गेरूची वाटी आली, ते बोट आलं, तो भाव आला. गेरू म्हणजे लोखंडाच्या गंजाची लाल माती. डोळ्यांना न दिसणारा कणभर गेरूसुद्धा त्या नाजूक यंत्राला पुरतो. मी तिला सगळं सांगितलं, सांगताना हातवारे केले, प्रमुखांचा आवाज काढला आणि शेवटी टेबलावर डोकं ठेवून हसलो. कॅन्टीनवाला बघत राहिला. ती मात्र हसली नाही.

"सर, ते म्हणले, हा लूप पहिला चॅप्टर कर, पायरीबियरी काढून टाक, लगेच सही करतो. न्हाई तर पुढच्या वर्षी बघू." मग हळूच म्हणाली, "पुढचं वर्षच न्हाई ना मला."

"घरी काय म्हणतात?"

"पप्पांनी काय केलं? ते बांधून आणलेले प्रबंध कपाटातून काढले, न् माझ्या बॅगेत ठेवून दिले. जसे हायेत तसे."

माझं हसू तिथे थांबलं. मी उठून थेट प्रमुखांच्या केबिनमध्ये गेलो. ते बॅनरचा मजकूर तपासत होते. बॅनरवर स्फटिक सुपारीएवढा होता आणि प्रमुखांचा चेहरा परातीएवढा.

"सर, खंडे नवमीला त्या दांडीला गेरू लागला होता. आपणच लावला होता. तो लूप गेरूचा असावा."

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "तुम्ही प्रकाशशास्त्र शिकवता ना? आधी चष्मा पुसा. न् गेरू म्हणजे काय? माती! मातीला चुंबक ओढतो का कुठं?"

हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुखांनी विचारला. आमच्या गावाकडची पोरं नदीच्या वाळूत तुटक्या स्पीकरचा चुंबक फिरवून लोखंडाची काळी भुकटी गोळा करतात आणि कागदावर नाचवतात. ती पोरं विभागप्रमुख नसतात म्हणून त्यांना हे माहीत असतं. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, "आता बोर्डावर 'जगात प्रथमच' लाल रंगात घेऊ का पिवळ्या, तेवढं सांगा." मी म्हणालो, "लालच घ्या. भाव महत्त्वाचा." त्यांना ते बिलकुल कळलं नाही.

परिषदेच्या दिवशी यंत्राच्या खोलीतच खुर्च्या मांडल्या होत्या. एका टेबलावर शाली, नारळ आणि फोटोग्राफर. संस्थेचे अध्यक्ष मधल्या सोफ्यावर बसले होते. अध्यक्ष हुशार माणूस, फक्त त्या हुशारीचा भौतिकशास्त्राशी संबंध कधी आला नव्हता. प्रमुखांनी त्यांना आधीच शिकवून ठेवलं होतं: पडद्यावर पोट सुटलेलं चित्र आलं की टाळ्या वाजवायच्या. पाहुण्या म्हणून लांबच्या त्या संशोधन संस्थेतल्या एक शास्त्रज्ञ बाई आल्या होत्या. सुती साडी, खांद्यावर कापडी पिशवी. तिला बघितल्याबरोबर त्या म्हणाल्या, "अगं, पायरीवाली तूच ना? आमच्याकडे आली होतीस बघ." तिने मान हलवली. प्रमुखांनी घाईने मध्ये पडून त्यांना शाल घातली.

दीपप्रज्वलन झालं, प्रमुखांचं भाषण झालं. त्यात ते स्वतःचा उल्लेख 'आमचे मार्गदर्शक' असा करत होते, म्हणजे भाषण कोणाला तरी लिहायला सांगून स्वतःच वाचत होते. मग त्यांनी हात उंचावून नाट्यमय आवाजात तिला सांगितलं, "चला, दाखवा जगाला!"

जग म्हणजे आम्ही तीस-चाळीस माणसं. ती यंत्राजवळ गेली. दांडी हातात घेतली. दुसऱ्या हातात चिमट्यात धरलेला तो चकाकणारा पापुद्रा होता. ती तशीच उभी राहिली. मला तिच्या मनातलं सगळं दिसत होतं, कारण बॅग तिच्या पायाशीच होती आणि काळ्या बांधणीचा कोपरा तीतून बाहेर आला होता. पापुद्रा लावला तर लूप येणार, टाळ्या होणार, सही होणार. तो प्रबंध तिचा नसणार, पण डॉक्टर ती होणार.

तिने पापुद्रा डबीत परत ठेवला.

"सर, आधी रिकामी दांडी मोजू का? पद्धत असते."

"त्याची काय गरज—" प्रमुख म्हणाले.

"मोजा की," पाहुण्या बाई म्हणाल्या. "मोजल्याशिवाय पुढं कसं जाणार?"

पाहुण्यांपुढे नाही म्हणता येईना. दांडी आत गेली. यंत्र थरथरलं. पडद्यावर रेघ निघाली, वर गेली, वळली, परत येताना वेगळ्या वाटेने आली आणि बघता बघता तोच तो, बारीक, गोंडस, पोट सुटलेला लूप तयार झाला.

अध्यक्ष उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष वाजवतात म्हटल्यावर सगळ्यांनी वाजवल्या. फोटोग्राफरने फ्लॅश मारला. टाळ्या थांबल्यावर पाहुण्या बाईंनी शांतपणे विचारलं, "आत काय ठेवलंय?"

"काहीच न्हाई, मॅडम."

अध्यक्षांनी आश्चर्याने प्रमुखांकडे पाहिलं. "म्हणजे काहीच न ठेवता पण होऊ राह्यलं हे? मंग तर लय मोठा शोध हाय हा! खर्चा पण वाचला!"

इथे मी हसलो आणि मला कोपर बसलं.

प्रमुखांचा चेहरा आधी गेरूच्या रंगाचा झाला, मग रांगोळीच्या. मग ते तिच्यावर उसळले. "दांडी घाण ठेवली तू! निष्काळजी! म्हणून मी पोरींना यंत्राला हात लावू देत न्हाई!"

ती सरळ उभी होती. मी उभा राहिलो. आयुष्यभर नाटकात काम करायची हौस होती, संधी आली ती अशी. "सर," मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "त्या दांडीला गेरू आपल्या शुभ हस्ते लागला आहे. खंडे नवमीला. कुंकू संपलं होतं. आपण म्हणाला होता, लाल ते लाल."

"हो," मॅडम म्हणाल्या. "वाटी मीच धरलेली. ही तर तेव्हा नागपूरला गेल्ती."

प्रमुखांनी आमच्याकडे पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं, पाहुण्या बाईंकडे पाहिलं, फोटोग्राफरकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. आणि मग जे घडलं त्याला उपमा द्यायचा मोह मला होतो, पण मी देणार नाही. ती फार सोपी आहे आणि तिच्यात चुंबकाचा अपमान आहे.

"हेच!" प्रमुख दोन्ही हात पसरून म्हणाले. "हेच मला दाखवायचं होतं! नव्या संशोधकांनी रिकामी दांडी आधी मोजली पाहिजे! न्हाई मोजली तर काय होतं, ते आपण आत्ता बघितलं. हे मी मुद्दाम ठेवून दिल्तं!"

अध्यक्षांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यांना आता कुठे थांबावं हे कळेनासं झालं होतं. बॅनर मात्र 'जगात प्रथमच' म्हणत सगळ्यांच्या डोक्यावर लटकत होतं.

पाहुण्या बाईंनी शाल काढून खुर्चीवर ठेवली. "छान. मुद्दाम ठेवलं होतं म्हणजे तुम्हाला माहीतच होतं. मग हिच्या प्रबंधात हा लूप नसणार."

"छे छे, बिलकुल नाही."

"पायरी असेल."

"पायरीच तर हाय! म्हणजे, मुख्य म्हणजे पायरीच."

"बघू दे."

तिने बॅगेतून प्रबंध काढून दिला. बाईंनी उभ्या उभ्याच पानं उलटली आणि पायरीच्या आलेखावर थांबल्या. "ही आम्ही आमच्याकडे परत मोजून बघितली. जिथं हिने सांगितली तिथंच आहे." मग शेवटी त्या प्रमाणपत्राच्या पानावर आल्या. "इथं सही नाही."

"प्रक्रियेत हाय," प्रमुख म्हणाले.

"कसली प्रक्रिया?" अध्यक्षांनी विचारलं. आता त्यांना काहीतरी समजेल असं काम निघालं होतं. "पेन न्हाई का? हे घ्या माझं. ए फोटो, इकडं ये."

"एकदा वाचून घेतलं असतं—"

"तुमच्या मार्गदर्शनाखाली झालं म्हणता, न् वाचलं न्हाई व्हय अजून?"

प्रमुखांनी पेन घेतलं. सही करताना त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहून स्मित केलं. फोटोग्राफर म्हणाला, डोळे मिटले सर, पुन्हा. म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही झाली. अध्यक्षांना स्वतःला चौकटीत घ्यायचं होतं, म्हणून तिसऱ्या प्रतीवर. जितक्या प्रती बॅगेत होत्या तितक्या तिने एकामागून एक पुढे ठेवल्या, पान उघडून, बोट जिथे सही हवी तिथे ठेवून. शेवटी शाल कोणाला घालायची यावर थोडा गोंधळ झाला. प्रमुखांचा खांदा पुढे आलाच होता, पण पाहुण्या बाईंनी खुर्चीवर ठेवलेली आपली शाल उचलली आणि तिच्या खांद्यावर टाकली.

जेवणाची पंगत बसत होती तेव्हा मी तिला गेटकडे जाताना पाहिलं. बॅग पोटाशी धरलेली.

"जेवून तर जा पोरी. जिलबी हाय."

"न्हाई सर. अंबडची गाडी येईल आता, तिथून पुढं विद्यापीठाची पकडते. आज जमा करून टाकते."

"उद्या केलं तर?"

"उद्या सर पेपरात आजची बातमी वाचतील ना," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

एस.टी. आली. ती चढली, खिडकीशी बसली, बॅग मांडीवर घेतली. गाडी वळणापलीकडे गेली तेवढ्यात मागून प्रमुख धापा टाकत आले. हातात अर्धी जिलबी.

"गेली का?"

"गेली."

"अरेरे. तिला सांगायचं होतं, ते ऋणनिर्देशाचं पान हाय ना, त्यात माझं नाव एकदाच आलंय. दोनदा टाकलं असतं तर बराबर दिसलं असतं."

"पुढची गाडी तासाभरात आहे," मी म्हणालो. "जाता का?"

ते खरंच घड्याळाकडे बघायला लागले.